लोण्याच्या डब्यातला बर्फ

अर्लिस : बूट काढू नकोस. तसाच ये आत.

ओरिन : अगं, बुटांना बर्फ लागलाय. सगळी फरशी ओली होईल, मग तूच ओरडशील.

अर्लिस : आज नाही ओरडत. ये. बस त्या खुर्चीवर.

ओरिन : मासे तरी सिंकमध्ये ठेवू दे. चांगले लागले आज. गेलनला एकही नाही. माझा भाऊ तो, पण तोंड असं पाडून बसला होता की मासेच घाबरून माझ्याकडे आले.

अर्लिस : मासे मेलेत, ते कुठे पळून जात नाहीत. हे काय आहे ते सांग.

ओरिन : लोण्याचा डबा.

अर्लिस : आणि आत?

ओरिन : बर्फ. बर्फात तुझं क्रेडिट कार्ड. परीक्षा घेतेयस का माझी?

अर्लिस : घेतेय. उलटा कर डबा. प्लास्टिकमधून दिसतं. काय दिसतं तळाशी?

ओरिन : कार्ड दिसतं. लाल.

अर्लिस : वा! आता असं सांग, तीन वर्षांपूर्वी, परत वापरता येऊ नये म्हणून आपण हे गोठवलं तेव्हा कार्ड कुठे ठेवलं होतं?

ओरिन : डब्यात.

अर्लिस : डब्यात कुठे, ओरिन?

ओरिन : आता मला काय आठवतंय!

अर्लिस : मला आठवतंय. याच टेबलावर. तू म्हणालास, आधी अर्धा डबा पाणी गोठवू, त्यावर कार्ड ठेवू, मग वरून उरलेलं पाणी. म्हणजे मधोमध अडकेल, कुठूनही उकरायला गेलं तरी तेवढाच बर्फ फोडावा लागेल. काय रुबाब होता तुझा! चर्चच्या कॉफीला दिसेल त्याला सांगत सुटलास. लोक कार्ड नुसतंच गोठवतात, आमच्याकडे थर देऊन गोठवलंय म्हणे. मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. मग ते मधलं कार्ड तळाला कसं गेलं?

ओरिन : बर्फ सरकत असेल. इतकी वर्षं झाली.

अर्लिस : जन्मभर तळ्याच्या बर्फावर बसून मासे धरतोस तू. आणि मला सांगतोस डब्यातला बर्फ सरकतो?

ओरिन : बरं, बर्फ नसेल सरकत. पण तू डबा बाहेर काढलासच कशाला? सोमवारी काढायचा होता.

अर्लिस : मी डबा काढत नव्हते. रात्रीच्या जेवणाला हरणाचं मांस काढत होते. डबा निसटला, उपडा पडला, आणि हे लाल तोंड माझ्याकडे बघायला लागलं.

ओरिन : हां, आत्ता आलं लक्षात! वादळ! मागच्या आठवड्यात आपण तुझ्या बहिणीकडे अडकलो होतो ना? इथली वीज गेली असणार. सगळं वितळलं, कार्ड बुडालं, वीज आली, परत गोठलं. झालं. त्यात एवढं काय आहे?

अर्लिस : मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. देवाशपथ सांगते, तेच वाटावं असं वाटत होतं. म्हणून मी पेला काढून बघितला.

ओरिन : कुठला पेला?

अर्लिस : तुझ्या आईचा पेला. हा. पाणी गोठवायचं आणि वर एक नाणं ठेवायचं. घर सोडून गेल्यावर वीज गेली तर पाणी वितळतं आणि नाणं तळाला जातं. परत आल्यावर पेला बघायचा आणि ठरवायचं, मांस खायचं की टाकायचं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं त्यांनी मला. नाणं कुठे आहे, बघ.

ओरिन : ... वर आहे.

अर्लिस : वर आहे. जिथे ठेवलं होतं तिथेच. पेल्यातलं वितळलं नाही, शेजारचा डबा तेवढा वितळला. अशी कशी रे वीज गेली?

ओरिन : मग तूच वितळवलं असशील.

अर्लिस : काय म्हणालास?

ओरिन : मी म्हटलं, घरात दोनच माणसं आहेत. मी नाही, तर तू. आणि कार्डाचा नाद कोणाला होता ते सगळ्या गावाला माहीत आहे.

अर्लिस : याचीच वाट बघत होते मी. किती वेळ लागतो तेवढंच बघायचं होतं. काढ, सगळं काढ. टीव्हीवरची दुकानं काढ, त्या रजया काढ, पाय चोळायची यंत्रं काढ. माझी आई गेली त्या हिवाळ्यात मी फोन लावायचे तेव्हा पलीकडची पोरगी म्हणायची, कशा आहात आज? रोज विचारायची. इथे दुसरं कोण विचारत होतं मला? तू तळ्यावर. मूर्खपणा होता, कबूल. त्याचं बिल फेडलंय मी. तीन वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासून फेडलंय.

ओरिन : मी नाही फेडलं? माझी बर्फगाडी गेली. मासे धरायची झोपडी गेली, आता गेलनच्या झोपडीत पाहुण्यासारखा बसतो. किराण्याच्या पाकिटातले पैसे संपले की आपण महिनाअखेरीला हरीण आणि बटाटे, बटाटे आणि हरीण. मी कधी तोंड उघडलं?

अर्लिस : तोंड उघडलं नाहीस. नुसते सुस्कारे टाकलेस. पण फेडलंस, हेही खरं. म्हणून तर माझं डोकं फुटायची वेळ आलीय. सोमवारी शेवटचा हप्ता. बँकेतून आलो की दोघांनी मिळून हा बर्फ फोडायचा, कार्ड कापायचं. आणि मध्येच कोणी एकट्यानं फोडला तर दुसऱ्यानं बॅग उचलायची. ही अट कोणाची होती?

ओरिन : माझी.

अर्लिस : मोठ्यानं बोल.

ओरिन : माझी होती अट. गेलनकडून परत आलो त्या दिवशी घातली होती.

अर्लिस : दाराशी निळी बॅग बघितलीस का येताना?

ओरिन : मला वाटलं, चर्चला द्यायचे जुने कपडे असतील. अर्लिस, असं काय करतेस? बॅग कशाला काढलीस?

अर्लिस : अट तुझी, बॅग माझी. बोल आता. तू वितळवलंस?

ओरिन : ... हो.

अर्लिस : कशासाठी?

ओरिन : घेतलं काहीतरी.

अर्लिस : काय घेतलंस?

ओरिन : गिरमिट.

अर्लिस : गिरमिट?

ओरिन : बर्फाला भोकं पाडायचं. मोटरचं. हातानं फिरवून खांदा जातो माझा, तुला माहीत आहे. दुकानात दिसलं, मोह झाला. चुकलं माझं. झालं समाधान?

अर्लिस : कुठे आहे ते?

ओरिन : गेलनच्या शेडमध्ये.

अर्लिस : रंग?

ओरिन : रंग कशाला हवाय तुला? हिरवा. हिरवा आहे.

अर्लिस : आणि किंमत कार्डावर टाकलीस?

ओरिन : मग कार्ड कशाला काढलं असेन? चाटायला?

अर्लिस : तू तळ्यावर होतास तेव्हा मी बिलावरच्या नंबरला फोन लावला. मागच्या बिलानंतरचंही सगळं विचारलं. तो मुलगा बिचारा दोनदा बघून म्हणाला, बाई, तीन वर्षांत या कार्डावर एका सेंटचीही खरेदी नाही. हिरवं नाही, पिवळं नाही, गिरमिटच नाही. चोरी केली नाहीस आणि चोर म्हणवून घेतोस. तीस वर्षं तुझ्याबरोबर राहतेय, खोटं बोलून स्वतःला वाचवताना तुला बघितलंय. खोटं बोलून स्वतःला अडकवताना आज पहिल्यांदा बघतेय. कोणाला वाचवतोयस? कोणाला नंबर दिलास कार्डाचा?

ओरिन : कोणाला देणार? मला ओळखतं कोण?

अर्लिस : बाई आहे कोणी?

ओरिन : बाई! अगं, माझ्या अंगाला बारा महिने माशांचा वास येतो.

अर्लिस : हसू नकोस. मला हसू येत नाहीये. कार्ड बाहेर काढलंस, काही घेतलं नाहीस, परत आत घातलंस, आणि ते सांगायच्या ऐवजी गिरमिट सांगतोस. म्हणजे खरं काय आहे ते गिरमिटापेक्षा वाईट आहे. आहे ना?

(मागच्या दारावर थाप. दार उघडून शेजारच्या व्हर्नाबाई आत येतात, हातात रिकामे खोके.)

व्हर्ना : मीच आहे गं, उठू नकोस. काय ही थंडी, नाकाचा दगड झाला माझ्या! हे घे, मांजराच्या खाण्याचे अजून दोन खोके जमले. मजबूत आहेत, फेकवत नाहीत. अगं बाई, ओरिन, तू घरी? मला वाटलं शनिवारचा तू तळ्यावर असशील.

ओरिन : खोके.

व्हर्ना : अं?

ओरिन : खोके! बघ, आले की नाही खोके! मला माहीत होतं. ऑक्टोबरपासून बघतोय मी. गाडीच्या डिकीत खोके, गॅरेजमागे खोके, आणि विचारलं की, काही नाही, व्हर्नाबाईंचे आहेत. तुम्हीही सामील आहात ना यात? तिची पार्सलं तुमच्या घरी येतात?

व्हर्ना : येतात? माझ्याकडे काही येत नाही रे बाबा. माझ्याकडून जातात. परवाच शेवटची रजई गेली पोस्टात. ती मोठी, मोराची. टेक्ससला कुठेतरी गेली. टेक्ससला रजई कशाला लागते देव जाणे! पण माझं तळघर मोकळं झालं, इतक्या वर्षांनी मला माझी स्वतःची भिंत दिसली. आता एक पाय चोळायचं यंत्र राहिलंय तेवढं. ते मी म्हणते मलाच दे, अर्लिस, मी पैसे देते की...

अर्लिस : व्हर्नाबाई.

व्हर्ना : काय गं?

अर्लिस : यंत्र घेऊन टाका. पैसे नकोत. उद्या बोलू आपण.

व्हर्ना : अगं पण... बरं. बरं बाई. माझी चूल चालू आहे, जाते मी. ओरिन, ते मासे असे ठेवू नकोस हो, वास सुटेल. येते. दार ओढून घेते.

ओरिन : तळघर? अर्लिस, कसलं तळघर? तू मला सांगितलं होतंस, सगळं परत केलं. ज्या दिवशी मी गेलनकडून आलो त्या दिवशी, इथेच उभं राहून. सगळं परत पाठवलं, जेवढं घेतलं तेवढं.

अर्लिस : कपाटात होतं तेवढं परत केलं. तुला दिसलं होतं तेवढं. ते बघूनच तू घर सोडून गेलास. उरलेलं कुठल्या तोंडानं दाखवणार होते? व्हर्नाबाईंच्या तळघरात भिंतीला लावून ठेवलं. खोक्यांवरची चिकटपट्टीही काढली नव्हती कित्येकांची. तिकडे नजर जाऊ नये म्हणून मी त्यांच्याकडे कॉफीला जायची बंद झाले, आणि त्या बिचाऱ्या समजल्या मी रागावलेय.

ओरिन : तीन वर्षं.

अर्लिस : हो. तीन वर्षं. मग ऑक्टोबरात ठरवलं, हे सगळं विकायचं. फोनवर फोटो टाकले. ज्या किमतीला घेतलं त्याच्या निम्म्यालाही कोणी घेईना, पण गेलं एकेक. जे आलं ते सगळं हप्त्यात घातलं.

ओरिन : तू म्हणालीस शाळेत जादा काम मिळालं.

अर्लिस : खोटं बोलले. उन्हाळ्यात संपणारं कर्ज जानेवारीत कसं संपतंय असं तुला वाटलं? शाळा पातेल्यांना सोनं देते?

ओरिन : मी तुझे हात बघायचो. रोज रात्री. म्हणायचो, जादा काम करते तर हात आणखी फुटायला हवेत हिचे.

अर्लिस : हात बघायचास. खोके मोजायचास. आणि विचारलं मात्र नाहीस.

ओरिन : विचारलं होतं. तू म्हणालीस व्हर्नाबाईंचे आहेत.

अर्लिस : ते खरंच होतं ना! थांब. थांब जरा. ऑक्टोबर. खोके बघितलेस, तुला वाटलं माझं परत सुरू झालं. पण खरेदी करायला कार्ड लागतं. आणि कार्ड तर बर्फात... ओरिन. इकडे बघ. माझ्याकडे बघ.

ओरिन : बघतोय.

अर्लिस : तुला वाटलं, बर्फात माझं कार्डच नाहीये.

ओरिन : बर्फ दुधासारखा झाला होता गं. वरून नुसतं लाल दिसायचं. किराण्याच्या दुकानाचं ते कार्डही लालच आहे. मला वाटलं, थर देताना मी पाण्याचा जग भरायला वळलो होतो, तेवढ्यात बदललं असेल. आणि खरं तुझ्याकडेच असेल.

अर्लिस : कधी काढलंस?

ओरिन : चर्चमध्ये लुटफिस्कचं, त्या भिजवलेल्या सुक्या माशाचं, जेवण होतं, तू वाढायला गेली होतीस. सिंकमध्ये गरम पाण्याखाली धरला डबा. वितळेपर्यंत तिथेच उभा होतो.

अर्लिस : मग?

ओरिन : मग तुझं नाव वाचलं त्याच्यावर.

अर्लिस : आणि?

ओरिन : आणि काय! मेल्यासारखं झालं. पुसलं, परत घातलं, पाणी ओतलं, फ्रीझर बंद केला.

अर्लिस : थर का नाही दिलेस? तू तर थरवाला.

ओरिन : थर द्यायचा तर दोनदा उघडायला लागलं असतं ते दार. नको वाटलं. एकदाचं नजरेआड व्हावं असं झालं होतं.

अर्लिस : पण मग कार्ड खरं निघाल्यावर खोक्यांचं काय? तुझी शंका फिटली?

ओरिन : नाही ना. तेच तर. मग वाटलं दुसरं कार्ड असेल. पत्रपेटी बघायला लागलो तुझ्याआधी. एकदा तुझ्या पर्समध्येही हात घातला होता. तुला आता सगळंच सांगतो.

अर्लिस : सांगू नकोस. पुरे.

ओरिन : बरं.

अर्लिस : गिरमिट का सांगितलंस?

ओरिन : गिरमिट घेतलं म्हटलं असतं तर तू आठवडाभर बोलली नसतीस. गेलनच्या देखत माझी अब्रू काढली असतीस. त्यातून मी उठलो असतो. हे कळल्यावर काय होईल ते मला माहीत नव्हतं.

अर्लिस : तू ते घेतलंच असतंस ना, ओरिन, तर मला बरं वाटलं असतं. खरंच. हिरवं, मोटरचं, महागातलं. मी भांडले असते, आपण आणखी सहा महिने बटाटे खाल्ले असते. मी इतकी वर्षं त्या डब्याकडे बघून स्वतःला सांगायचे, हे आपण दोघांनी केलंय. आणि तू त्याच डब्याकडे बघून म्हणायचास, यात हिनं काय घातलं असेल.

ओरिन : आणि मी सरळ विचारलं असतं तर? तळघर सांगितलं असतंस?

अर्लिस : ... नाही. नसतं सांगितलं.

ओरिन : मग?

अर्लिस : मग काय! संशय तुझा खोटा नव्हता. मी लपवत होतेच. तुला वाटत होतं ते मात्र नव्हतं. पण म्हणून मला कमी लागलं असं समजू नकोस. लागलंय. पुष्कळ लागलंय.

ओरिन : दिसतंय मला.

अर्लिस : आता दिसतं तुला.

ओरिन : अट माझीच होती. अटीप्रमाणे फोडणारा इथे राहतो, दुसरा जातो. पण थंडीत तू कशाला जातेस? मी जातो गेलनकडे. बूट पायात आहेतच. सोमवारी बँकेत ये तेवढी, ते दोघांनीच करू. बॅग वर नेऊन ठेवतो तुझी... अर्लिस, ही हलकी का लागतेय?

अर्लिस : रिकामी आहे.

ओरिन : रिकामी?

अर्लिस : सकाळपासून काढून ठेवलीय. भरायला गेले की हात चालेना. म्हटलं, आधी तुला विचारू.

ओरिन : रिकामी बॅग दाखवून माझ्याकडून सगळं वदवून घेतलंस.

अर्लिस : तू हिरवं गिरमिट दाखवलंस, मी निळी बॅग दाखवली. ठेव ती खाली. आणि मासे साफ कर, त्यांनी काय पाप केलंय?

ओरिन : या डब्याचं काय करू? सिंकमध्ये ठेवू?

अर्लिस : फ्रीझरमध्ये. सोमवारी फोडायचं ठरलंय तर सोमवारीच फोडू.

ओरिन : आणि हा पेला?

अर्लिस : तोही ठेव. आधी त्यावरचं नाणं काढून घे.

ओरिन : अगं, मग वीज जाऊन आली तर कळणार कसं?

अर्लिस : जो घरी असेल तो सांगेल. दुसऱ्यानं ऐकायचं. काढ ते बूट आता, फरशीचं तळं झालंय.